नावाची बुडी

सकाळी सहाला चूल, नऊला उपकेंद्र, आणि मधल्या वेळात अर्धा तास मायला तेल. १९७८च्या दिवाळीपासून माझा दिवस असाच सुरू व्हायचा. माय म्हणजे माझ्या सासूबाई, आनंदाबाई. अख्खं घर त्यांना माय म्हणायचं, म्हणून मीही. धान निसवत होता त्या दिवसांत त्या तळ्याच्या पाळीवरून गवताचा भारा घेऊन येत होत्या. वाटेत खाली बसल्या, त्या पुन्हा आपल्या पायांनी उठल्या नाहीत. डावं अंग गेलं. बोलणंही गेलं. ज्या बाईच्या गाण्यावर आमच्या दिघोरी गावातली धानाची रोवणी पुढे सरकायची, तिच्या तोंडून आता फटीतून वारा यावा तसा आवाज तेवढा यायचा.

मी गावच्या उपकेंद्रात नर्स. लकव्यात जे पहिल्या तीन महिन्यांत परत येत नाही ते सहसा येत नाही, हे मला माहीत होतं. तीन महिने उलटून गेले होते. तरी मी तेल लावत होते. उपकेंद्राच्या सवयीने एक वहीही ठेवली होती. माय काय जेवल्या, किती झोपल्या, कोणतं बोट हललं, तारीख आणि वेळ घालून. बोटाचा रकाना कोराच राहायचा.

माझे मालक परसराम तुमसरच्या राइस मिलमध्ये, पंधरा दिवसांनी घरी यायचे. तेव्हा घरात मी, माय आणि माझी वर्षाची मुलगी. आणि एक गोष्ट, जी मी कुणाला सांगितली नव्हती.

मायने आयुष्यात स्वतःसाठी एकच मागितलं होतं, काशी. गावातले भय्याजी दरवर्षी धान निघाल्यावर बाया-बाप्यांचा जथा घेऊन काशीला जात. आदल्या साली ते उपकेंद्रात आले होते. टोपी नीट करत म्हणाले, "एक तिकीट उरलं आहे, पुष्पाबाई. आनंदाबाईले विचारून उद्यापर्यंत सांगजो." माझी मुलगी तेव्हा चाळीस दिवसांची होती आणि दहा दिवसांत मला कामावर हजर व्हायचं होतं. दुसऱ्या दिवशी मी भय्याजींना सांगितलं, "माय नाही म्हणते. लेकरू लहान आहे." मी मायला विचारलंच नव्हतं. संध्याकाळी त्यांनी आपणहून विचारलं, "भय्याजीचा जथा भरला का वं?"

"भरला, माय."

"बरं. पुढच्या साली," असं म्हणून त्यांनी माझ्या मुलीला पायांवर घेतलं आणि न्हाऊ घालायला लागल्या.

पुढच्या साली लकवा आला.

आमच्या शेजारी कौशल्याबाई राहायच्या. मायच्या लहानपणच्या सखी, दोघी एकोडीच्या, एकाच वर्षी दिघोरीत सुना होऊन आलेल्या. नवरा गेलेला, मुलगा-सून भिलाईला. त्या १९७९च्या जानेवारीत जथ्याबरोबर काशीला निघाल्या. निघण्याच्या दिवशी मायच्या खाटेपाशी येऊन बसल्या, आपला पदर पुढे घेतला.

आमच्याकडे रीत आहे. जो काशीला जातो, त्याला न जाणारे सांगतात, माझ्या नावाची एक बुडी मारजो. गंगेत उभं राहून त्याचं नाव घ्यायचं आणि पाण्याखाली जायचं. बाया विसरू नये म्हणून पदराला गाठी मारतात, एकेकाच्या नावाची एकेक. नाव घेतलं की पाण्यातच गाठ सोडायची. कौशल्याकाकींच्या पदराला सहा गाठी आधीच होत्या.

"ही सातवी तुही, आनंदे," त्या म्हणाल्या. "सगळ्यात मोठी मारते. म्हातारपणी बोटं आखडली तं सुटाचीही नाही, मंग तुले तेथीच बुडवून ठेवते."

मायचा उजवा ओठ हलला. ते हसणं होतं. मग घशातून तोच वाऱ्यासारखा आवाज आला, पण त्याला चाल होती. काकींनी ती चाल ओळखली आणि शब्द त्यांनी म्हटले. रोवणीत माय म्हणायच्या ते शब्द:

काशीले गेली सखी, तिच्या पदराले गाठ
गाठीत माहं नाव, तिच्या पायी माही वाट

मी कंदील पुसण्याचं निमित्त करून बाहेर गेले.

*

जथा साकोलीवरून गोंदियाला, तिथून छोट्या गाडीने जबलपूरला, मग मोठ्या गाडीने काशीला जाणार होता. पौष अमावास्येला गंगास्नान. ती अमावास्या रविवारी होती, म्हणून मला सुट्टी होती, आणि म्हणून मी निवांत होते. वहीत लिहिलेलं आहे: सात वाजून वीस मिनिटं.

मी मायच्या डाव्या पोटरीला तेल लावत होते. मायने एकदम श्वास ओढला. खोल, आवाज करत, जसा बराच वेळ पाण्याखाली राहिलेला माणूस वर येऊन ओढतो. मी नाडी पाहिली. ठीक होती. डोळा उघडा होता, पण माझ्याकडे नव्हता. छपराच्या कवेलूंकडे होता, आणि हळूहळू डावीकडून उजवीकडे सरकत होता. आगगाडीच्या खिडकीतल्या माणसाचे डोळे सरकतात तसा.

मला वाटलं, त्यांना आठवण आली असेल की आज तिकडे स्नान आहे. तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही. पायाला तेल लावता लावता मी सगळं सांगून टाकलं. तिकीट होतं. मी तुम्हाला विचारलं नाही. मीच तुमची काशी अडवली, माय. सांगताना मी त्यांच्या तोंडाकडे पाहू शकले नाही. सांगून झाल्यावर पाहिलं, तर त्यांच्यापर्यंत माझा शब्दही पोचलेला नव्हता. त्या हसत होत्या. डोळा अजून सरकत होता.

आणि मग, तीन महिन्यांत पहिल्यांदा, स्पष्ट शब्द आले.

"किती पायऱ्या वं!"

माझ्या हातातली तेलाची वाटी कलंडली.

असं होऊ शकतं, मी स्वतःला सांगितलं. वाचा परत येते कधी कधी. पुस्तकात होतं. मी वहीत लिहिलं. दुपारी मायने पुरीच्या वासाबद्दल काहीतरी म्हटलं. पानाच्या द्रोणात भाजी फार तिखट आहे म्हणाल्या. घरात त्या दिवशी मुगाची खिचडी होती. आजारात मन आठवणी विणतं, तेही पुस्तकात होतं. पण माय काशीला कधी गेल्या नव्हत्या, तेव्हा आठवणी कुणाच्या, हे मात्र पुस्तकात नव्हतं.

सोमवारी सकाळी त्या खाटेवर मोठ्याने हसल्या. मी धावत आले.

"खाल्ली वं! भय्याजीची टोपी खाल्ली त्या बोकडानं!"

"कोणत्या बोकडानं, माय?"

"हा काय पायरीवर. झेंडूची माळ घातलेला." त्यांनी उजव्या हाताने दाखवलं. समोर आमची भिंत होती, तिच्यावर सूप टांगलेलं.

मी तेही लिहिलं. त्या आठवड्यात वहीची चार पानं भरली. नावाडी दोरी पायाच्या अंगठ्याने धरतो. एका गल्लीत दोन गाईंनी वाट अडवली. एका देवळाच्या उंबरठ्याचा दगड मध्ये खोलगट झाला आहे, आणि त्यात पाणी साचतं. शुक्रवारी बोटाच्या रकान्यात मी पहिल्यांदा काही लिहिलं. डाव्या हाताची करंगळी. दोनदा.

मला आनंद झाला होता. इतका की मी घाबरायचं विसरले.

*

काशीहून आलेल्यांनी आधी गावाबाहेरच्या मारुतीपाशी थांबायचं. तिथे घरच्यांनी त्यांचे पाय धुवायचे, मग भजन म्हणत घरोघर पोचवायचं. पुढच्या रविवारी दुपारी जथा आला. झांजा वाजत होत्या. अकरा जण बैलगाड्यांतून उतरले. सगळ्यात पुढे भय्याजी होते, आणि त्यांचं डोकं उघडं होतं.

मी भय्याजींना आंघोळीवरून येतानाही टोपीशिवाय पाहिलं नव्हतं. बायका हसायला लागल्या.

"टोपी कुठं ठेवली, भय्याजी? गंगेले वाहिली का?"

"गंगेले कायले," ते चिडून म्हणाले. "बोकडानं खाल्ली. हसू नका. माळ घातलेला पोसलेला बोकड होता, त्याले मारताही येत नाही."

हसण्याचा गलका झाला. मी तांब्या घेऊन उभी होते.

कौशल्याकाकींच्या घरचं कुणी नव्हतं, म्हणून त्यांचे पाय मी धुतले. त्या पाटावर बसल्या, उजवा पाय पुढे केला. डावा त्यांनी दोन्ही हातांनी उचलून परातीत ठेवला, लाकूड ठेवावं तसा.

"पायाले काय झालं, काकी?"

"मले काय मालूम. त्याले समजत नाही काही. तू घास तं खरं."

"काशी कशी होती?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. प्रवासाने थकलेला माणूस असतो तशा नव्हत्या. खूप दिवस पडून राहिलेला माणूस असतो, तशा होत्या. गालावर तेच सुजलेपण, नजरेत तोच आखडलेपणा.

"मी कुठं गेली वं पोरी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी तं पडून होती. तुमच्या तिसऱ्या ओळीतला एक कवेलू फुटला आहे. दुपारी तेथून ऊन पडते, बरोबर डोळ्यावर. तोंड फिरवता येत नाही. कोणी खाटच सरकवत नाही."

मी त्यांचे पाय पुसले. मला आठवतं, बोटांच्या बेचक्यांत नीट पुसले. मग मी भजनाच्या पुढे धावत घरी गेले. दोन वाजले होते. मधल्या खोलीत छपरातून उन्हाचा एक पट्टा उतरला होता आणि तो मायच्या उजव्या डोळ्यावर पडला होता. तीन महिने मी दुपारी उपकेंद्रात असायचे, रविवारी तळ्यावर धुण्याला. मला कधीच दिसलं नव्हतं.

मी खाट सरकवली. आणि खाटेच्या पायाशी बसून रडले. भीतीने नाही. तो कवेलू कुणीतरी मला सांगितला, म्हणून.

*

भय्याजींना मी त्याच संध्याकाळी गाठलं. वही दाखवली. ते एकेक ओळ वाचत गेले आणि प्रत्येक ओळीशी मान हलवत गेले.

"चूक माही आहे," शेवटी म्हणाले. "कौशल्याबाई पाण्यात होती. मी नावेत बसून पाहून राहिलो होतो. एकेक गाठ सोडे, नाव घेई, बुडी मारी. सात गाठी, सात बुड्या. शेवटची आनंदाबाईची. ती गाठ लवकर सुटे ना. इकडे नावाडी घाई करून राहिला होता. मी म्हटलं, चला, झालं ना आता. तिनं पदर पाहिला, गाठ नव्हती, म्हणून निघाली."

"मग?"

"आपल्या नावाची राहिली." त्यांनी वही मिटली. "दुसऱ्यांच्या बुड्या झाल्या की शेवटची आपल्या नावाची माराची असते. आपल्या नावाची गाठ कोण मारते? ती ज्याची त्याने ध्यानात ठेवाची. ती आनंदाबाईच्या नावानं पाण्याखाली गेली अन् तशीच वर आली."

हे मी ऐकून घेतलं. यावर विश्वास ठेवावा असं माझ्या शिक्षणात काही नव्हतं. पण पुढचे दोन आठवडे मी रोज दोन घरांत तेल लावत होते, आणि दोन्हीकडचं वहीत लिहीत होते. मायचा डावा अंगठा हलला त्या दिवशी काकींच्या हातून तांब्या सुटला. माय भिंतीला धरून उभ्या राहिल्या, त्या दिवशी काकींना काठी द्यावी लागली. मायचं गाणं परत आलं. गल्लीतल्या बाया ऐकायला यायच्या, आणि माय त्यांना काशी सांगायच्या, पायरी-पायरीने. काकी दारात बसून ऐकायच्या. जाऊन आलेली ती आणि सांगणारी ही.

"कौशे, त्या पुरीवाल्याकडे तू चार पुऱ्या खाल्ल्या," माय चिडवायच्या. "मले मोजता येतात."

"मले एकीचीही चव नाही आली," काकी म्हणायच्या. "मले तुही मुगाची खिचडी मिळून राहिली होती. अयनी, बिनमिठाची."

एका दुपारी मी काकींच्या पायाला तेल लावत होते. त्या डोळे मिटून होत्या.

"तिकिटाचं तू सांगितलं, ते बरं केलं," त्या म्हणाल्या.

माझे हात थांबले.

"तिले ऐकू नाही गेलं. ती तिकडे पायऱ्या चढून राहिली होती. मी ऐकलं. डाव्या पोटरीले तेल लावता लावता सांगितलं ना तू?" त्यांनी डोळे उघडले नाहीत. "घाबरू नको. मी नाही सांगत. तुले सांगाचं असन तं तू सांग. पण तेल चांगलं लावतेस वं. माह्या सुनेनं जन्मात नाही लावलं."

*

भय्याजींनी उपाय काढला. काशी दूर होती, पण पवनी जवळ होती. पवनीही जुनं क्षेत्र, वैनगंगेच्या काठावर घाटामागे घाट आणि गल्लीगल्लीत देऊळ. राहिलेली बुडी तिथे मारली तरी चालेल, नदी शेवटी नदीला ओळखते, असं ते म्हणाले. शिवरात्रीची गर्दी नको म्हणून आधीचा सोमवार धरला. मायने हट्ट धरला, मलाही न्या. धानाचा एक ट्रक रविवारी पवनीला जात होता. पुढे ड्रायव्हरजवळ दोघी म्हाताऱ्या बसल्या, मागे पोत्यांवर मी आणि भय्याजी. मुलीला मी परसरामांपाशी ठेवलं होतं. ते तेवढ्यासाठी रजा घेऊन आले होते.

जुन्या तटाच्या दरवाजातून आम्ही आत शिरलो. खंदकाच्या पाण्यावर शिंगाड्याचे वेल पसरले होते. विणकरांच्या घरांतून मागांचा खटखट आवाज येत होता, एक थांबला की दुसरा. धर्मशाळेत सामान टाकलं आणि सकाळी ऊन कोवळं असतानाच घाटावर गेलो.

वैनगंगा माघात शांत असते. अर्धं पात्र वाळूचं, त्यात डांगराच्या वाड्या, आणि घाटाच्या बाजूने हिरवं, स्वच्छ पाणी. भय्याजींनी मायला गोधडीत गुंडाळून पायरीवर बसवलं. माय नदीकडे पाहून स्वतःशीच म्हणत होत्या:

काशीची ती गंगामाय, पवनीच्या वाटे येते
दोघी सख्यांची सावली, एका पाण्यामंधी नेते

काकींना मी हाताला धरून पाण्यात उतरवलं. पाणी बोचरं होतं. डावा पाय त्या ओढत होत्या, आणि पायरीवरचं शेवाळ त्या पायाला कळत नव्हतं. कमरेइतक्या पाण्यात आल्यावर त्या थांबल्या.

आता मला जे लिहायचं आहे त्याची लाज वाटते. मी काकींचा हात धरून उभी होते, आणि मनात म्हणत होते, ही बुडी मारू नका. कारण ती मारली की काय होईल हे मी वहीवरून सांगू शकत होते. मायचं बोलणं जाईल. ती खाट, ते छप्पर, तो कोरा रकाना परत येईल. मी एक शब्द बोलले नाही. पण माझी बोटं त्यांच्या मनगटावर आवळली गेली असतील.

काकींनी माझ्याकडे पाहिलं. मग वळून मायकडे.

"आनंदे," त्या ओरडल्या, "काशी सांगून झाली का वं तुही?"

"कुठं झाली?" पायरीवरून आवाज आला. "आता तं विश्वनाथाच्या गल्लीत पोचली मी."

काकी हसल्या. "ही तं मरेपर्यंत सांगन," त्या मला म्हणाल्या. "माह्या डाव्या पायाचं मी काय लोणचं घालू? कोणाकडे जाचं आहे मले पायानं?"

"काकी, आपलं नाव घ्या." मी म्हटलं. म्हटलं खरं. पण त्यांना ऐकू जाईल असं नाही.

त्यांनी डोळे मिटले.

"आनंदा," त्या म्हणाल्या, आणि पाण्याखाली गेल्या.

मी मोजत होते. पाच. दहा. पाण्यावर बुडबुडा नव्हता. माझ्या हातात त्यांचं मनगट होतं, तेवढंच.

पंधरा.

वीस.

मागे पायरीवर कुणीतरी खोल श्वास ओढला.

मग काकी वर आल्या.

त्यांना श्वास लागलेला नव्हता. त्या शांतपणे पाणी निथळत उभ्या होत्या. मी वळून पाहिलं. माय उभ्या होत्या. कुणाचा आधार न घेता, गोधडी खाली पडलेली, दोन्ही पायांवर. भय्याजींनी हात जोडले होते, आणि ते कुणाला जोडले हे त्यांनाही माहीत नसावं.

दुपारी धर्मशाळेच्या ओट्यावर मी मायला तिकिटाचं सांगितलं. या वेळी तोंडाकडे पाहून. त्या डाव्या हाताने चिवडा खात होत्या. खाणं थांबलं नाही.

"गेली असती तं गेली असती अन् आली असती," त्या म्हणाल्या. "सगळे येतात. आता डोळे मिटले की मी पायरीवर असते. तू अडवली म्हणून तं मले वापस या लागत नाही." मग मूठभर चिवडा माझ्या ओंजळीत घातला. "खाय. सकाळपासून पोटात काही नाही तुह्या."

त्या चिवड्याला मिठाची चव होती, ती बहुतेक माझ्या डोळ्यांतल्या पाण्याची होती.

*

माय त्यानंतर चार वर्षं जगल्या. चालत्या, बोलत्या, गात्या. माझ्या मुलीला त्यांनी रोवणीची गाणी शिकवली. मी कामावर निर्धास्त जात होते. संध्याकाळी परतले की माय माझा अंबाडा सोडून केसांतला गुंता काढत बसायच्या. लोक म्हणायचे, नर्सबाईंच्या तेलाला गुण आहे. मी नाही म्हणायचे नाही आणि हो म्हणायचे नाही. कौशल्याकाकींना मी आमच्याच घरी आणलं. डाव्या अंगाने त्या पूर्ण बसल्या होत्या. तोंडाने मात्र शेवटपर्यंत मायशी भांडत होत्या, बहुतेक विड्याच्या पानावरून.

१९८३च्या वैशाखात एका सकाळी माय चुलीपुढे बसल्या बसल्या गेल्या. सोपं मरण. त्यांचं क्रियाकर्म आम्ही पवनीला, त्याच घाटावर केलं. मला वाटलं होतं, आता काकींचा पाय सुटेल. जिच्या नावाची बुडी होती ती गेली.

तसं झालं नाही. उलट त्या दिवसापासून एक फरक पडला. तो मी वहीत लिहिला, आणि वही भय्याजींनाही दाखवली नाही. काकींच्या उजव्या काखेत थर्मामीटर लावलं की पारा साडेअठ्ठ्याण्णवपर्यंत चढतो. डाव्या काखेत तो जागचा हलत नाही. मी तीन थर्मामीटर बदलून पाहिले. उजव्या मनगटाची नाडी भरून लागते. डाव्या मनगटाला तीन वर्षांत ती एकदाही लागलेली नाही. तरी कातडी ताजी आहे. नखं वाढतात, मी दर सोमवारी कापते.

डॉक्टरांना दाखवावं असं मनात येतं. मग मी दाखवत नाही.

कारण संध्याकाळी तेल लावता लावता काकींना झोप लागते. लहान मुलासारखी, तोंड उघडं टाकून. मीही दिवसभराची थकलेली, खाटेच्या काठावर डोकं टेकते. तेव्हा तो डावा हात हळूच उचलला जातो. बर्फासारखा थंड. माझ्या अंबाड्यातला आकडा काढून बाजूला ठेवतो, केस मोकळे करतो, आणि गुंता सोडवत राहतो, न दुखवता, एकेक बट धरून.

काकींचं घोरणं चालू असतं. मी मान हलवत नाही.